सगळं लवचिक झालं आणि वाकलं ते संशोधन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तुम्ही घरून शिकवलंत. तेव्हा घरात एक मूल तीन वर्षांचं होतं, दुसरं सात वर्षांचं. विभागाने सांगितलं होतं की तास आणि बैठका सोडून बाकीचं काम तुमच्या सोयीने करा. त्या दोन वर्षांत तुमचा एक पेपर आला आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याचे पाच आले. आता बढतीचा अर्ज भरायचाय. विभागाने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा पर्याय पुन्हा पुढे केलाय. आणि लेखनाची फाइल उघडली की तुम्हाला अजूनही धडधडतं. शेवटी तुम्ही विचारलंय, "इतका मोकळा वेळ मिळूनही झालं नाही, म्हणजे माझ्यातच शिस्त नाही असं समजायचं का?"

असं समजू नका. निव्वळ धीर द्यायला मी हे म्हणत नाही, त्यामागे कारणं आहेत आणि ती खाली सांगते. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: तेव्हा नेमकं काय झालं, ही अस्वस्थता अजून का जात नाही, आणि आता घरून काम घ्यायचं की नाही. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तुम्ही मात्र तिन्हींना मिळून "शिस्त" असं एकच नाव दिलंय, म्हणून एकही सुटत नाहीये.

मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. त्यात पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आलं. गेली दहा-बारा वर्षं शिकवणाऱ्या संशोधकांसाठी एक लेखनगटही चालवते. साथीत तो ऑनलाइन गेला आणि वाढला, त्यामुळे चाळीसेक जणांचे आठवडे मला फार जवळून पाहता आले. मी डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. चिंतेबद्दल माझी मजल कुठवर आहे ते त्या ठिकाणी सांगेन. काही गोष्टी तुमच्या पत्रातून कळत नाहीत: तुमचं काम प्रयोगशाळेतलं की फील्डवरचं की कागदपत्रांचं, घरात बंद होणारं दार आहे का, नोकरी कायम झालीय का, त्या काळात घरात कुणाचं आजारपण किंवा मृत्यू झाला का. यातल्या कशानेही माझं उत्तर बदलू शकतं.

आता मोकळ्या वेळाबद्दल. घरून काम केल्याने काम वाढतं, हा समज बऱ्याच अंशी एका प्रसिद्ध प्रयोगावर उभा आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०११ मध्ये नऊ महिने चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये तो केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. हा आकडा साथीत सगळीकडे फिरत होता. पण त्या प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी स्वतः नाव दिलं होतं, घरी त्यांना स्वतःची स्वतंत्र खोली असणं ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस ते ऑफिसात येतच होते. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना निवड करू दिली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. या अदलाबदलीनंतर फायदा वाढून २२ टक्क्यांवर गेला. म्हणजे फायद्याचा मोठा हिस्सा निवड करता येण्यातून आला होता. शिवाय कॉल सेंटरमध्ये एक फोन ठेवला की दुसरा येतो. काम कुठून सुरू करायचं हे कुणाला ठरवावं लागत नाही.

साथीत तुम्हाला यातलं काहीच मिळालं नाही. जागा तुम्ही निवडली नव्हती, खोली नव्हती, शाळा बंद होती, आणि काम असं होतं की ज्याची सुरुवात दर वेळी स्वतःच्या मनातून करावी लागते. त्याला लवचिक काम म्हणायची आपल्याला सवय लागली. माझ्या मते ते सक्तीने घरी बसून केलेलं काम होतं. घड्याळाचे काटे तेवढे सैल सोडले होते.

आकडेही हेच सांगतात. एप्रिल २०२० मध्ये काइल मायर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि युरोपातल्या साडेचार हजारांहून अधिक मुख्य संशोधकांना त्यांच्या वेळेबद्दल विचारलं. आठवड्याचे कामाचे तास सरासरी ६१ वरून ५४ वर आले होते, आणि सगळ्यात मोठी घट संशोधनाच्या वेळेत होती. घरात पाच वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असलेल्यांच्या संशोधनाच्या वेळेतली घट, बाकी सगळं सारखं धरलं तर, १७ टक्क्यांनी जास्त होती. प्रयोगशाळेत उभं राहून करायच्या विषयांत, जसं रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र, संशोधनाचा वेळ ३० ते ४० टक्क्यांनी खाली गेला होता. गणितासारख्या विषयांना तेवढी झळ बसली नाही. तुमचं धाकटं तेव्हा तीन वर्षांचं होतं. तुमचं नाव त्या पाहणीत नसेल, पण तुमच्यासारखी घरं त्यात होती.

सहकाऱ्याच्या पाच पेपरांकडे आता नीट बघा. २०२० मध्ये छापून आलेल्या पेपरचा डेटा कधीचा होता? बहुतेक वेळा २०१८चा किंवा २०१९चा. ज्यांच्याकडे तयार डेटा, अर्धवट ड्राफ्ट आणि शांत घर या तिन्ही गोष्टी होत्या, त्यांना टाळेबंदीत लिहायला सलग वेळ मिळाला आणि त्यांनी साठलेलं सगळं बाहेर काढलं. एल्सव्हियर या प्रकाशकाच्या जर्नलांच्या नोंदींवरून फ्लामिनिओ स्क्वात्सोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फेब्रुवारी ते मे २०२० मध्ये पाठवलेल्या मॅन्युस्क्रिप्टची संख्या आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढली होती. त्या वाढीत स्त्रियांचा वाटा मात्र पुरुषांच्या प्रमाणात नव्हता, आणि ही तूट तरुण स्त्रियांमध्ये जास्त होती. म्हणजे काम थांबलं आणि काम वाढलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी होती, फक्त वेगवेगळ्या घरांत.

खरी तूट उशिरा दिसते. मायर्स यांच्याच गटातल्या काही जणांनी पुढे पाहिलं, तेव्हा २०२१च्या सुरुवातीला लोकांचे तास जवळपास पूर्ववत झाले होते, पण कोविडवर काम न करणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये हाती घेतलेले नवे प्रकल्प आदल्या वर्षापेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छापलेले पेपर ही गेल्या काही वर्षांची पावती असते आणि नवे प्रकल्प ही पुढच्या वर्षांची पेरणी. लोक तास भरत होते, जुनं पुरं करत होते, पण नवं सुरू करत नव्हते. तुमच्या पत्रातही हेच आहे. रिव्ह्यू केले, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासले, एक जुना पेपर पुरा केला, आणि "नवीन काहीच सुचलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. तुमचं काम सगळं थांबलं नव्हतं. सुरुवात करायची ताकद तेवढी गेली होती.

ती का गेली, याचं माझं उत्तर साधं आहे. दिवसातल्या कामांकडे नीट पाहा. दहाच्या तासाला साठ विद्यार्थी स्क्रीनपलीकडे थांबलेले असतात. बैठकीला वेळ आणि माणसं ठरलेली असतात. मुलाला एक वाजता भूक लागते, घरातल्या वृद्ध माणसाचं औषध आठला असतं. या प्रत्येक कामाच्या पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. आपलं लिहायचं राहिलेलं प्रकरण तिसरं मात्र कुणाचीच वाट बघत नसतं. विद्यापीठात असताना त्याला न दिसणारे टेकू होते: स्वतःची खोली, कामावर जायची ठरलेली वेळ, ग्रंथालय बंद होण्याची घंटा, जिन्यात भेटून "कुठवर आलं?" विचारणारा सहकारी. मार्च २०२० मध्ये हे टेकू एका आठवड्यात काढून घेतले गेले आणि जे हलवता येईल ते हलवा असं सांगितलं. हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, म्हणून रोज तीच हलली. रोज रात्री अकरावर ढकलली गेली, तिथून उद्यावर गेली.

२०२०च्या मध्यावर मी गटातल्या बारा जणांना एक आठवडा पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवायला सांगितली. एकीची परिस्थिती तुमच्यासारखीच होती. तिला वाटत होतं की संशोधनाला वेळच मिळत नाही. नोंदीत आठवड्याला नऊ तास निघाले. ते एकतीस तुकड्यांत विखुरले होते, सगळ्यात मोठा तुकडा चाळीस मिनिटांचा, आणि निम्म्याहून अधिक रात्री अकरानंतरचे. तिला ती नोंद पाहून रडू आलं, कारण तोवर ती स्वतःला आळशी म्हणत होती. सोफी लरॉय यांनी २००९ साली यालाच 'अटेन्शन रेसिड्यू' (लक्षाचा मागे उरलेला अंश) असं नाव दिलं होतं: एका कामातून दुसऱ्यात गेलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो. काम अर्धवट सोडून उठावं लागलं असेल तर जास्तच. एकतीस तुकडे म्हणजे एकतीस वेळा आधीचं झटकून पुन्हा आत शिरायचं. नऊ तास कागदावर होते, डोक्यात त्यातले फार थोडे पोचले.

त्याच बारा जणांत एकटा राहणारा एक जण होता. त्याच्यावर कुणाची जबाबदारी नव्हती. त्याच्या नोंदीत संशोधनाचे बावीस तास होते आणि लिहून झालेलं काहीच नव्हतं. परिच्छेद लिहायचा, बातम्या पाहायच्या, आईला फोन करायचा, परिच्छेद खोडायचा, असं चाललं होतं. वेळेच्या तुटवड्याने त्याचं काम अडलं नव्हतं. म्हणून मी म्हणते की वेळ आणि चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच घरात असल्या तर एकमेकींना वाढवतात, पण उपाय वेगळे लागतात.

इथे एक चूक सांगते, कारण ती तुमचा विभागही करू शकतो. मार्च-एप्रिल २०२० मध्ये मी माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक तक्ता उघडला. रोज किती शब्द झाले ते तिथे लिहायचं. मला वाटलं याने घडी बसेल. तिसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने कळवलं की दुसऱ्यांचे आकडे बघूनच तिला दिवसभर काही सुचत नाही, आणि ती आकडे फुगवून लिहितेय. मी तक्ता बंद केला आणि सगळ्यांची माफी मागितली. त्याच दिवसांत न्यूटनचं उदाहरण सगळीकडे फिरत होतं: १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं आणि गावी बसून त्याने केवढं काम केलं! न्यूटन तेव्हा बाविशी-तेविशीतला अविवाहित तरुण होता, त्याला शिकवायचं नव्हतं आणि घर चालवायचं नव्हतं. मोकळ्या वेळाचा दाखला म्हणून ते उदाहरण ठीक आहे. मुलं सांभाळत ऑनलाइन तास घेणाऱ्या माणसासमोर ते ठेवणं क्रूर होतं.

चिंतेचं स्वरूप समजून घ्यायला मला मायकेल आयसेंक आणि मॅन्युएल काल्वो यांची १९९२ची मांडणी उपयोगी पडली. त्यांचं म्हणणं असं की चिंतेने कामाचा दर्जा लगेच ढासळतोच असं नाही. तो टिकवायला लागणारे कष्ट मात्र आधी वाढतात. विचार करताना जी माहिती मनात तात्पुरती धरून ठेवावी लागते, तिच्यासाठीची जागा चिंता अडवते. काम होतं, पण महाग पडतं. तुमचा तो एक पेपर तसा महागात पडलेला आहे. म्हणून "एकच पेपर आणि तरी इतकी दमले" हे तुमचं वाक्य मला अजिबात विसंगत वाटत नाही.

धडधड अजून का होते, तर फाइल उघडली की ती होते, तुम्ही फाइल बंद करता, आणि क्षणभर बरं वाटतं. ते बरं वाटणंच सवय पक्की करतं. दर वेळी शरीर शिकतं की बंद केल्याने सुटका होते. पुढच्या वेळी धडधड थोडी आधी सुरू होते. संशोधकांमध्ये हे ओळखायला अवघड जातं, कारण आपण फाइल बंद करून टीव्ही लावत नाही. आणखी एक पेपर वाचायला घेतो, संदर्भ नीट लावतो, फोल्डरांची नावं बदलतो. हे सगळं कामच दिसतं. मी लोकांना एक प्रश्न विचारायला सांगते: हे वाचून झाल्यावर मी कोणतं वाक्य लिहिणार आहे? वाक्य सांगता आलं तर वाचा. नाही सांगता आलं तर आपण लेखनापासून पळतोय.

इथे माझी मजल संपते. छातीतली धडधड आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, चहा-कॉफीचं प्रमाण, कोविड होऊन गेल्यानंतरचे परिणाम, यातलं काहीही कारण असू शकतं, आणि ते मनावर ढकलणं धोक्याचं. चिंता कितपत आहे याचा अंदाज घ्यायला जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी उपयोगी आहे. ती २००६ साली तयार झाली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि बेरीज ० ते २१ होते. ५, १० आणि १५ या सौम्य, मध्यम आणि तीव्र चिंतेच्या पायऱ्या धरतात. १० किंवा त्याहून जास्त आलं तर तज्ज्ञाला भेटायचंच. ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही. बेरीज कमी आली पण झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आकडा बाजूला ठेवून आजच कुणाला तरी गाठा.

रोजच्या काळजीसाठी एक जुना उपाय मी स्वतः साथीत वापरला. थॉमस बोरकोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तो तपासला होता. दिवसातली एकच ठरलेली वेळ आणि एकच जागा काळजी करण्यासाठी राखायची, अर्धा तास. बाकी दिवसभर काळजी आली की एका ओळीत कागदावर उतरवायची आणि त्या वेळेसाठी ठेवायची. माझी वेळ संध्याकाळी सहाची होती. पहिला आठवडा काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की सहा वाजता कागदावरच्या निम्म्या ओळींबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता कामाच्या घडीबद्दल. आत्तापर्यंतचं थोडक्यात धरायचं तर तुमचा वेळ तुकड्यांत गेला, संशोधनाचे टेकू गेले आणि चिंतेने सुरुवात महाग केली. म्हणून मी तुम्हाला जास्त लवचिकता सुचवणार नाही. संशोधनाला तासासारखंच ताठ करा. आठवड्यातली दोनच सत्रं, प्रत्येकी नव्वद मिनिटं, दिवस आणि वेळ ठरलेली. दोनपेक्षा जास्त नको. पाच ठरवून तीन चुकली की तुम्ही स्वतःला पुन्हा दोष द्याल. सत्र शक्यतो दिवसातल्या पहिल्या ईमेलच्या आधी ठेवा. आणि पलीकडे वाट बघणारं कुणीतरी उभं करा. आमच्या गटात पन्नास मिनिटं सगळे ऑनलाइन येऊन गप्प बसतात. सुरुवातीला प्रत्येक जण एका वाक्यात सांगतो की आज काय करणार, शेवटी सांगतो की काय झालं. शब्दसंख्या कुणी विचारत नाही. एकच सोबती असला तरी पुरतो.

सत्राचा शेवट सुरुवातीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा, आणि शेवटची पाच मिनिटं फाइलीच्या माथ्यावर दोन ओळी लिहायला ठेवा: कुठे थांबले, पुढचं वाक्य काय असेल. पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर कोरी जागा समोर येत नाही, करायचं एक छोटं काम येतं. धडधडीवर याचा जेवढा परिणाम होतो तेवढा दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिला नाही. पहिले काही दिवस दहा मिनिटं फाइल उघडी ठेवून, काही न लिहिता, धडधड उतरेपर्यंत बसून राहिलात तरी ते सत्र झालं असं धरा. तुकड्यांतला वेळही वाया घालवू नका. त्यात संदर्भ, तक्ते, रिव्ह्यूची उत्तरं बसतात. नवा युक्तिवाद मात्र त्यात बसवायला जाऊ नका.

तीन दिवस घरून काम घ्यावं का? ब्लूम आणि सहकाऱ्यांचा दुसरा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच कंपनीत (तिचं नाव आता ट्रिप डॉट कॉम आहे) सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर तो झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. पहिल्या प्रयोगात मात्र चार दिवस घरी असणाऱ्यांची बढती, सारखी कामगिरी असूनही, मागे पडली होती. एवढ्यावरून दोन दिवस चांगले आणि चार वाईट असा नियम मी काढणार नाही, कारण ती कंपनी आहे आणि आपण शिकवणारी माणसं. पण बढतीच्या वर्षात समितीतल्या लोकांना तुम्ही दिसणं, हा मुद्दा मी हलका धरणार नाही.

माझा सल्ला असा की तीनऐवजी दोन दिवस मागा, कोणते ते स्वतः ठरवा, आणि त्यातला एक लेखी स्वरूपात संशोधनाचा म्हणून नोंदवून घ्या: त्या दिवशी बैठक नाही, तास नाही. हे मिळत नसेल, किंवा घरात बंद होणारं दार नसेल, किंवा मुलं दुपारी लवकर घरी येत असतील, तर तो पर्याय सोडून द्या आणि विद्यापीठातच कडी लावता येईल अशी खोली शोधा. प्रवासात रोज तीन-चार तास जात असतील तर हिशेब उलटतो, मग तिसरा दिवसही घ्या. एक सेमिस्टर करून पाहा आणि मग बदला. निवड बदलता येणं हाच या सगळ्यातला कामाचा भाग आहे, म्हणून कायमची संमती लिहून देऊ नका.

अर्जाबद्दल मी जरा ठाम बोलणार आहे. गेलेला काळ अर्जात नुकसान म्हणून लिहा. चार-पाच ओळी, माफी नाही, कारुण्य नाही. शाळा किती महिने बंद होत्या, मुलांची वयं काय होती, कोणते विषय नव्याने ऑनलाइन उभे केले, प्रयोगशाळा किंवा फील्ड कधीपासून कधीपर्यंत बंद होतं, कोणता प्रकल्प कोणत्या टप्प्यावर थांबला आणि आता कुठे आहे. ही माहिती नसली की समितीसमोर फक्त एक आणि पाच हे आकडे राहतात, आणि आकडे कोणत्या घरातून आले हे त्यांना दिसत नाही.

"सगळ्यांनाच मुदत एक वर्षाने वाढवून दिलीय, मग वेगळं काय सांगायचं?" असं कुणी म्हणालं तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांत मूल झाल्यावर आई आणि बाप दोघांनाही नोकरीत कायम होण्याची मुदत सारखीच वाढवून देण्याचं धोरण आलं होतं. हेदर अँटेकोल, केली बेडार्ड आणि जेना स्टर्न्स यांनी २०१८ साली त्याचे परिणाम मांडले. पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि स्त्रियांचं घटलं. मिळालेल्या वाढीव वर्षात पुरुषांचे आघाडीच्या जर्नलांतले पेपर वाढले आणि मापाची पट्टी वर गेली. सारखी मुदतवाढ ज्याच्याकडे शांत वेळ आहे त्यालाच जास्त फळते. म्हणून मुदतीबरोबर, जमल्यास मुदतीऐवजी, एका सेमिस्टरचं शिकवणं कमी करून मागा. तुमच्याकडून हिसकावला गेला तो सलग वेळ होता आणि परत मागायचा तर तोच मागायला हवा. नोकरी कायम नसेल तर ही मागणी एकट्याने करू नका. विभागातल्या अजून दोघांना बरोबर घ्या.

त्या सहकाऱ्याबद्दल तुमच्या मनात कडवटपणा आलाय असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याची लाजही वाटतेय. त्यांच्याशी एकदा बोला. माझ्या गटातल्या एकाने २०२० मध्ये सहा पेपर पाठवले होते. नंतर त्याने सांगितलं की वडील गेल्यावर त्याला रात्री झोप यायची नाही, म्हणून तो लिहीत बसायचा.

शेवटी तुम्ही विचारलंय की २०१९ मध्ये गोळा केलेला डेटा आता टाकून द्यायचा का. बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण बहुतेक वेळा तो टाकावा लागत नाही. तो साथीच्या आधीचा आहे, आणि अनेक विषयांत आता तसा डेटा पुन्हा कधीच मिळणार नाही. गोळा केल्याचे महिने पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा, आणि प्रश्न थोडा वळवून बघा: तेव्हा काय होतं, आणि आजच्याशी तुलना करायला त्यातलं काय उपयोगी पडेल. पहिलं नव्वद मिनिटांचं सत्र त्यालाच द्या. त्यात लिहायचं काहीच नाही. डेटा उघडायचा, कोणते रकाने आहेत ते वाचायचं आणि माथ्यावर दोन ओळी ठेवून बंद करायचं. दोन आठवड्यांनी मला कळवा. पानं किती झाली ते नको, चारपैकी किती सत्रांना बसलात तेवढं सांगा, म्हणजे पुढचं काय ते ठरवू.